लाट त्यांची, ओहोटी माझी

आधीच सांगून टाकते. सर्फिंगसाठी जगभर फेमस असलेल्या एका बेटावर मी सात दिवस राहून आले आणि सर्फबोर्डवर एकदाही उभी राहिले नाही. बसलेसुद्धा नाही. पोटावर झोपले होते, तेही जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांचं सांगतेच, पण आधी बेटाबद्दल.

स्पेलिंग वाचाल तर सिआरगाव. पण तिथली माणसं म्हणतात 'शारगाव'. आहे की नाही गंमत? मालवण-देवगडच्या एस्टीच्या पाटीवर सहज खपून जाईल असं नाव! हे शारगाव फिलिपिन्समध्ये आहे. मिंडनाव नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या ईशान्य टोकाजवळ, थेट पॅसिफिक महासागराकडे तोंड करून बसलेलं. नारळ, नारळ आणि नारळ. मधेमधे भातशेती. आणि किनाऱ्यावर जगातल्या नामांकित लाटांपैकी एक, 'क्लाउड नाइन'.

प्लॅन माझा नव्हताच. आम्ही तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एक हिंजवडीत आयटीवाली, एक बीकेसीत बँकवाली आणि तिसरी मी, म्हणजे 'तुला काय, तुला सुट्टीच सुट्टी' असं जिला ऐकावं लागतं ती फ्रीलान्सर. जून २०२५ पासून फिलिपिन्सने भारतीयांना चौदा दिवसांसाठी व्हिसा लागणार नाही असं जाहीर केलं आणि हिंजवडीवालीने त्याच रात्री ग्रुपवर सर्फिंगचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. तारखाही तिनेच काढल्या. 'पितृपक्षात आपलं पब्लिक कुठे जात नाही, तिकिटं स्वस्त मिळतील' ही तिची थिअरी. तिकिटं फार काही स्वस्त मिळाली नाहीत. पण तोपर्यंत दोघींच्या रजा मंजूर झाल्या होत्या.

आणि इथे माझी गोची झाली. कारण द्वादशी.

माझ्या बाबांची तिथी द्वादशी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. श्राद्ध दादा करतो, मुलीने तिथे असायलाच हवं असं काही नाही, हे मी आईला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "जा की. मी कुठे अडवलंय?" आयांच्या या वाक्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी मी गेले. मुंबई-सिंगापूर-मनिला आणि तिथून पंख्यांचं एक छोटंसं विमान. नवमीला दुपारी आम्ही बेटावर उतरलो, तेव्हा माझ्या पोटात जो गोळा होता तो फक्त त्या विमानामुळे नव्हता.

आता ती दहा मिनिटं.

क्लाउड नाइनच्या बाजूलाच नवशिक्यांसाठीची एक लाट आहे, तिला 'जॅकिंग हॉर्स' म्हणतात. तासाला पाचशे पेसोंच्या आसपास दिले की बोर्ड आणि शिकवणारा, दोन्ही मिळतं. आपले साधारण साडेसातशे रुपये. माझा शिक्षक वीस-बावीस वर्षांचा, उन्हाने केस तांबूस झालेला मुलगा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम'. वाळूवर त्याने मला बोर्डावर पालथं झोपायला, हातांवर जोर देऊन टुणकन उभं राहायला शिकवलं. वाळूवर मी झकास! बँकवालीने फोटोही काढला. त्या फोटोला भरपूर लाइक्स आले, आणि इथे प्रामाणिकपणे सांगते, तो डिलीट करायचा मला अजून धीर झालेला नाही.

मग पाण्यात. कंबरेपर्यंत पाणी, ठीक. छातीपर्यंत, बरं. मी बोर्डवर पालथी पडले, मागून फेसाळतं पाणी आलं, बोर्ड उचलला गेला, तिरका झाला आणि मी खाली. संपूर्ण प्रकार तीन-चार सेकंदांचा असेल. खाली पाणी डोक्याइतकंही नव्हतं. पण नाकातोंडात खारं पाणी गेलं, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना, आणि मी अठ्ठावीस वर्षांची राहिलेच नाही. एकदम नऊ वर्षांची झाले.

नऊ वर्षांची असताना मी गुहागरच्या समुद्रात बुडता बुडता वाचले होते. मे महिन्याची सुट्टी, चुलत भावंडांची फौज, गुडघाभर पाण्यात चाललेला दंगा. परतणाऱ्या पाण्याने पायाखालची वाळू काढून घेतली, मी बसकण मारली आणि पुढच्या पाण्याने मला आत ओढलं. बाबांनी शर्ट-पँटसकट धावत येऊन माझ्या फ्रॉकचा पट्टा धरला. त्यांचा चष्मा गेला तो गेलाच. मला ना ओरडले, ना मारलं. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठवून परत किनाऱ्यावर नेलं. मी भोकाड पसरलं. ते म्हणाले, "पाण्यात नाही जायचं. नुसतं बसायचं." आणि वाळूत बसवून त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. त्या गणिताकडे येतेच.

तर शारगावात मी बोर्ड तिथेच सोडला आणि चालत बाहेर आले. पोरगा मागून 'मॅम, मॅम, इट्स ओके मॅम' करत आला. माझे हात थरथरत होते. मैत्रिणी म्हणाल्या, एकदा परत ट्राय कर, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. मी म्हटलं, उद्या. उद्या म्हणजे कधीच नाही, हे आम्हा तिघींना कळलं होतं. संध्याकाळी जेवताना हिंजवडीवाली बोलून गेली, "अगं पण मग तू इथे सात दिवस करणार काय?"

तो प्रश्न रास्त होता. फक्त लागला जरा. इतका खर्च, त्यात फ्रीलान्सरचा खर्च म्हणजे पुढच्या तीन महिन्यांची हवा टाइट. आईला असं सोडून आलेली. आणि करणार काय, तर इतरांच्या चपला सांभाळणार?

दुसऱ्या दिवशी खरंच चपला सांभाळल्या. क्लाउड नाइनला किनाऱ्यापासून लाटेपर्यंत एक लांब लाकडी पूल आहे आणि त्याच्या टोकाला मजले असलेला लाकडी मनोरा. थोडे पैसे भरले की कुणीही जाऊन बसावं. मी वरच्या मजल्यावर जागा धरली. आणि काय सांगू, आपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट बघतो ना, अगदी तसा माहोल! बॅट हातात धरलेली नसली तरी कट्ट्यावरच्या माणसाला बॅट्समनचं काय चुकलं ते बरोब्बर कळतं. तासाभरात मीही शेजारच्या अनोळखी लोकांबरोबर 'ओह्ह' आणि 'आह्ह' करायला लागले.

ती लाट दिसतेच तशी. आपल्या कोकणातली लाट लांबून येते, हळूहळू फुटते, फेस होऊन पायाशी लोळते. कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचा तळ दूरपर्यंत उथळ आहे, त्या तळाला घासत घासत लाटेचा दम निघून जातो. इथे उलट. शारगावच्या पूर्वेला समुद्रात फिलिपाइन ट्रेंच आहे, दहा हजार मीटरहून खोल दरी. एव्हरेस्ट उचलून आत टाकला तरी वर हजार मीटरहून जास्त पाणी उरेल. पॅसिफिकमधून निघालेली लाट या खोल पाण्यावरून बिनविरोध येते आणि एकदम प्रवाळाच्या उथळ कठड्यावर आपटते. खालचा भाग अडतो, वरचा भाग पुढे कोसळतो आणि मधे पाण्याची नळी तयार होते. त्या नळीत शिरून पलीकडून बाहेर पडायचं हे सर्फर मंडळींचं मोक्षसाधन. नाव 'क्लाउड नाइन' का, तर त्या नावाचं एक चॉकलेट तिकडे मिळतं म्हणून! मी खाल्लं, ठीकठाक आहे. १९९३ साली जॉन कॅलहन या अमेरिकन फोटोग्राफरने काढलेले फोटो तिकडच्या 'सर्फर' मासिकात छापून आले आणि मच्छीमारांचं हे बेट जगाच्या नकाशावर गेलं. एका फोटो-फीचरने गावाचं नशीब बदललं, हे वाचून पत्रकार म्हणून माझी कॉलर उगाचच ताठ झाली.

पुलाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एका बाईंचा स्टॉल होता. केळी तेलात तळून, वर साखरेचा पाक चढवून काडीला टोचलेली. 'बनाना क्यू' म्हणतात त्याला. शिवाय शहाळी. वय पन्नाशीच्या आसपास, अंगात बास्केटबॉलचा टी-शर्ट. तिकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, म्हणून सगळेच त्यांना आते म्हणायचे. आपल्याकडे आत्या, तिकडे आते. मला सोपं झालं.

मी केळी खात विचारलं, तुम्ही सर्फिंग करता का? त्या इतक्या हसल्या की कढईतला झारा हलला. म्हणाल्या, दोन्ही पोरं शिकवतात. मी? मग केळी कोण तळणार? मग म्हणाल्या, माझी आई नाही करत, माझी बहीण नाही करत, चर्चमधले फादर नाही करत. आणि बोट दाखवत त्यांनी समोरच्या रस्त्यावरचे लोक मोजले. नारळाची पोती नेणारा ट्रायसिकलवाला, शाळेच्या गणवेशातल्या पोरी, मासे विकणारा म्हातारा. नो, नो, नो, नो.

मला एकदम मोकळं वाटलं. अख्खं बेट माझ्या पार्टीत होतं की!

त्यांच्याकडूनच मी १६ डिसेंबर २०२१ बद्दल ऐकलं. त्या दिवशी ओडेट नावाचं चक्रीवादळ (जगात त्याला 'राय' म्हणतात) फिलिपिन्सच्या जमिनीवर सगळ्यात पहिल्यांदा धडकलं ते शारगावलाच. देशभरात चारशेहून जास्त माणसं गेली. लॉकडाउनमुळे आधीच टुरिस्ट नव्हते, त्यात हे. आतेंच्या घराचे पत्रे उडाले, स्टॉल तर सापडलाच नाही. क्लाउड नाइनचा तो लाकडी पूलही लाटांनी मोडून नेला. आत्ता आहे तो नंतर बांधलेला. स्कूटरवरून फिरताना अजूनही मधेच शेंडा नसलेला नारळ दिसतो, नुसता खांब. आते हे सगळं पाक ढवळता ढवळता सांगत होत्या. मी विचारलं, "समुद्राची भीती नाही वाटत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वयंपाकघराची भीती वाटते का असं विचारलंय. "वाटते ना," म्हणाल्या. "म्हणून तर वेळ बघून जायचं."

वेळ बघून! शारगाव नीट बघायचं तर सगळी गोम याच्यातच आहे. सर्फर लाट बघतो. बाकी बेट भरती-ओहोटी बघतं. आमच्या गेस्टहाउसच्या भिंतीवर वायफायच्या पासवर्डशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक चिकटवलेलं होतं, आणि तिथला सगळा कारभार त्यावर. ओहोटीला क्लाउड नाइनची दुकानदारी जवळजवळ बंद, कारण प्रवाळ उघडं पडतं. सर्फर लोक हॅमॉकमध्ये लोळत पाणी चढायची वाट बघतात. त्यांचं शटर खाली आलं की आमच्यासारख्यांचं वर जातं.

मग मी एक स्कूटर भाड्याने घेतली. तिकडच्या स्कूटरींना बाजूला बोर्ड अडकवायची दांडी असते. माझ्या दांडीला मी रेनकोट आणि केळ्यांचा घड लटकवून फिरले. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना माड, मधेच एक बास्केटबॉलचं मैदान, मधेच 'सारी-सारी' म्हणजे आपली किराणामालाची टपरी, जिथे शाम्पूच्या पुड्यांच्या माळा अगदी आपल्यासारख्याच लोंबत असतात. एका टपरीवर 'तुबा' प्यायले. पहिल्या घोटालाच ओळखलं, ही तर आपली माडी! फक्त रंगाने तांबूस, कारण तिकडे ती तिवराची साल घालून मुरवतात. दुपारी तीननंतर गाडी दामटू नका एवढंच सांगेन, कारण संध्याकाळी साडेपाचलाच सूर्य मावळतो आणि रस्त्यावर कुत्री झोपलेली असतात.

डेल कारमेन नावाच्या गावाला तिवरांचं जंगल आहे, चार हजार हेक्टरांहून मोठं. बोटीने त्यातून आत आत जायचं आणि शेवटी सुग्बा नावाचं हिरवंनिळं तळं लागतं. तळ्यावर उड्या मारायला फळी आहे, सेल्फीची गर्दी आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. येताना मात्र बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं नुसतं वल्हवलं. मुळांच्या जाळीतून पाणी आत शिरतानाचा 'लुबुक लुबुक' आवाज. वादळात आमच्या गावाला या झाडांनी वाचवलं, तो म्हणाला. मग पुढे म्हणाला की यात मगरीही आहेत. इंजिन पुन्हा चालू झालं तेव्हा मला बरं वाटलं.

तीन बेटांची ट्रिप (नेकेड, गुयाम, डाकू) आम्ही तिघींनी मिळून केली. डाकू म्हणजे 'मोठं', दरोडेखोर नव्हे. नेकेड आयलंड म्हणजे झाड ना झुडूप, नुसती पांढरी वाळू. सकाळी फुटबॉलच्या मैदानाएवढी वाटली आणि निघताना बघितलं तर अंगणाएवढी उरलेली. जेवायला केळीच्या पानावर भात, भाजलेले मासे आणि 'किनिलाव', म्हणजे कच्चा मासा व्हिनेगरमध्ये मुरवलेला. शाकाहारी असाल तर भात, आंबा आणि धीर, तिन्ही जवळ ठेवा.

आता ते गणित. कोकणातल्या कुणालाही विचारा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. ना चार्ट लागतो, ना अ‍ॅप. गुहागरच्या वाळूत काटकीने बाबांनी मला हेच लिहून दाखवलं होतं आणि मग आम्ही दोघं बसून पाणी सांगितल्या वेळेला खुणेच्या दगडापर्यंत येतं का ते बघत राहिलो होतो. आलं होतं! नऊ वर्षांच्या मला ती जादू वाटली. ज्याने मला ओढून नेलं ते पाणी बाबांच्या हिशेबाने चालतं, म्हणजे त्याला घाबरायचं कारण नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं. पाण्यात मी पुढे कधी गेले नाही ते नाहीच. पण वेळ मात्र कायम सांगत आले. मरिन ड्राइव्हला मित्रांना इम्प्रेस करायला हा फंडा फार उपयोगी पडतो.

शारगावात मी दशमीला मनातल्या मनात हिशेब केला. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती. खिडकीतून बघितलं तर पाणी लांब गेलेलं. भिंतीवरचं कोष्टक बघितलं. सपशेल चूक! जवळजवळ उलटंच. नंतर डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं, प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ वेगळं असतं. बाबांचं गणित आपल्या किनाऱ्यापुरतं. रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकते, तेवढं मात्र इथेही तंतोतंत. आणखी एक फरक. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरहून जास्त चढतं, इथे दोन मीटरच्या आतच. पण प्रवाळाचा कठडा टेबलासारखा सपाट असल्यामुळे तेवढ्याशा फरकानेही समुद्राचा तळ कितीतरी लांबपर्यंत उघडा पडतो.

हे मी आतेंना सांगितलं. त्यांना तिथी वगैरे काही कळलं नसावं, पण 'माझे वडील चंद्रावरून वेळ सांगायचे' एवढं नीट कळलं. "माझेही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "परवा येतेस का? पांगिन्हास."

पांगिन्हास म्हणजे ओहोटीला समुद्रात चालत जाऊन शिंपले, शंख, खेकडे गोळा करणं. आपल्याकडे बायका कालवं काढतात, तिसऱ्या-मुळे वेचतात, तेच. परवा म्हणजे द्वादशी.

मी लगेच हो म्हटलं नाही. रात्री मैत्रिणींना विचारलं, तुम्ही येता का? त्यांचा दुपारचा बोर्ड बुक होता आणि सकाळी दोघींना झोप हवी होती. शेजारच्या घरात व्हिडिओके जोरात चालू होतं. तिकडे घरोघरी असतो हा कराओकेचा डबा, नाणं टाका आणि गा. कुणीतरी काका अ‍ॅबाची गाणी जीव तोडून म्हणत होते. बँकवाली झोपता झोपता म्हणाली, "उद्या काकांची तिथी ना गं?" तिच्या लक्षात होतं. मला वाटलं होतं, सर्फिंगच्या नादात या दोघी मला विसरल्याच आहेत.

द्वादशीला सकाळी नऊच्या आधी मी जनरल लूना गावाच्या किनाऱ्यावर पोचले. आते, त्यांची बहीण, एक सून, तीन पोरं. सगळ्यांच्या पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकच्या बादल्या आणि एक-एक लोखंडी आकडा. मलाही बादली मिळाली. आणि आम्ही समुद्रात चालायला लागलो.

आधी ओली वाळू. मग घोट्याएवढं कोमट पाणी आणि समुद्री गवत, त्यात पायाला गुदगुल्या करणारे मासे. मग खडबडीत भाग, खळगे. आते जिवंत प्रवाळावर पाय पडू देत नव्हत्या, बोटाने वाट दाखवायच्या. मला पहिल्या अर्ध्या तासात काहीही दिसलं नाही. मला जो दगड वाटायचा त्यातून त्या शंख उचलायच्या. मग नजर बसली. दगडाच्या पोटाला चिकटलेला एक शंख मी स्वतः काढला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. काळ्या काट्यांचा एक समुद्री साळिंदर सुनेने आकड्याने फोडला आणि आतलं नारिंगी व्हिनेगर टाकून मला दिलं. खारट, गोडसर, मऊ. हिरव्या मण्यांसारखं शेवाळही असतं, 'लातो', दाताखाली फुटफुट फुटतं.

मान खाली घालून वेचत असताना किती पुढे आलो ते कळलं नाही. डोकं वर केलं तर किनाऱ्यावरचे माड बोटाएवढे झालेले. आणि समोर, फार तर पन्नास पावलांवर, कठड्याची कड. तिथे पॅसिफिक फुटत होता. आवाज पायातून वर येत होता. पलीकडे काय खोली आहे ते मी पुलावर बसून वाचलेलं होतं. माझ्या पायाशी पाणी घोट्याएवढं.

मी थांबले. हात थरथरले नाहीत, पण बादली दोन्ही हातांनी धरली. किती वेळ उभी होते माहीत नाही. बाबांना हे दाखवायला हवं होतं, एवढंच डोक्यात. इतका आत आलेला माणूस त्यांनी मला कधीच होऊ दिला नसता. आणि तरीही ते गणित करून आले असते, शर्ट-पँट घालून, नवा चष्मा दोरीने बांधून, आतेंशी वेळेवरून हुज्जत घालत. मी रडले. उगाच डिटेल्स देत नाही. आते माझ्याजवळ आल्या, काही विचारलं नाही, माझ्या बादलीत त्यांच्या बादलीतले चार शंख टाकले. मग आकाशाकडे नाही, पायाकडे बघितलं. गवताची पाती किनाऱ्याकडे वाकायला लागली होती. "आता परत," त्या म्हणाल्या. पाणी फिरलं होतं.

येताना त्यांनी एकदाही घाई केली नाही आणि एकदाही थांबू दिलं नाही.

त्यांच्याकडे शंख उकडून, आलं-नारळाच्या दुधात घालून जेवलो. टाचणीने शंखातून मांस काढायचं, मला काही जमेना. सहा वर्षांची नात मला काढून काढून देत होती. अडीच वाजता मी बाहेर अंगणात जाऊन घरी फोन लावला. तिकडे बारा. मागे दादाचा आवाज, भांड्यांचा आवाज, कुणीतरी वाटलेल्या डाळीबद्दल विचारत होतं.

आई म्हणाली, "जेवलीस?"

"जेवले. आज समुद्रात गेले होते, आई."

पलीकडे एकदम शांतता. मग, "किती आत?"

"बरीच. ओहोटी होती. चालत. इथल्या बायकांबरोबर, कालवं काढायला गेल्यासारखं." मी भराभरा सांगून टाकलं.

"आज द्वादशी," आई म्हणाली. ती हिशेब करत होती, मला ऐकू येत होतं. "म्हणजे नऊला भरती. मग गेलीस कधी तू?"

"नऊलाच. इथे नऊला ओहोटी असते. पाऊणपट चालत नाही इथे."

"चालत नाही?"

"नाही ना. उलटं आहे."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मागे दादा तिला हाक मारत होता, पान वाढायचं होतं.

"ह्यांनी ऐकून घेतलं नसतं," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली.